रिकामी संध्याकाळ : मद्यपानाच्या उपचारातील एक दुर्लक्षित भाग

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत समुपदेशन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत नवी यंत्रसामग्री, शस्त्रक्रिया आणि बाह्यरुग्ण विभागाचा विस्तार यांची माहिती दिली जाते. समुपदेशन विभागाच्या वाट्याला बहुधा शेवटची दहा मिनिटे येतात, आणि तोवर चहाचा सुगंध सभागृहात पोहोचलेला असतो. यंदा आम्हांला आधी बोलावयास मिळाले, याबद्दल आम्ही अध्यक्षांचे ऋणी आहोत. विषय मद्यपानाचा असला तरी आम्ही प्रामुख्याने बोलणार आहोत ते कंटाळ्याविषयी. कंटाळा हा काही रोग नव्हे, त्यासाठी कोणी रुग्णालयात येत नाही, असे कोणासही वाटेल. आम्हांलाही तसेच वाटत असे. त्याची किंमत आमच्या एका रुग्णाने चुकवली, म्हणून प्रथम त्यांच्याविषयी सांगतो. सांगण्यास त्यांची संमती आहे. तरीही ओळख पटू नये इतपत तपशील आम्ही बदलले आहेत.

हे गृहस्थ आपल्याच परिसरातील, तांब्याची भांडी घडवणारे. वय पन्नाशीच्या पुढचे. पेशवाईत कोकणातून पुण्यास आलेल्या तांबट कारागिरांची परंपरा आपल्या कसबा पेठेने आजही जपली आहे, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. मठारकाम करताना हातोडीचा प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याला चिकटून पडावा लागतो. हात थरथरला की भांड्यावर ते उमटते. अनेक वर्षांच्या मद्यपानाने या गृहस्थांचा हात थरथरू लागला, काम हातचे गेले, आणि काम गेल्यावर पिणे दुपारपासून सुरू झाले. घरच्या मंडळींनी त्यांना आपल्या रुग्णालयात दाखल केले.

येथवर जे घडले ते यथायोग्य घडले. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्या माणसाने ते अचानक बंद केले तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास वातभ्रमाची अवस्था उद्भवू शकते. ती प्राणघातकही ठरते. म्हणून घरच्या घरी दारू एकदम तोडण्याचा हट्ट कोणी करू नये, ही विनंती आम्ही येथे पुन्हा करून ठेवतो. त्यांना आवश्यक ती औषधे, थायमिन, सलाइन सर्व काही मिळाले. दहाव्या दिवशी हात स्थिर झाला. घरी सोडताना आम्ही त्यांच्या पत्नीस सांगितले, "आता ह्यांना पूर्ण विश्रांती द्या. कुठे जाऊ देऊ नका, कोणाला भेटू देऊ नका."

त्या माउलीने आमचा शब्द तंतोतंत पाळला. तीन आठवड्यांनी ते गृहस्थ रक्ताची उलटी होऊन पुन्हा आमच्याकडे आले. सुदैवाने वाचले. बरे वाटू लागल्यावर आम्ही काहीशा नाराजीने विचारले, "काका, घरात काही कमी होते का?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही दारू काढून घेतलीत, पण संध्याकाळ तशीच ठेवलीत. पाच वाजले की भिंत आणि मी."

आम्ही दिलेला सल्ला चुकीचा होता. तो सद्हेतूने दिला होता, ही पळवाट आम्हांला घ्यावयाची नाही.

त्यानंतर आमच्या विभागाने या प्रश्नावरील संशोधन वाचावयास घेतले. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुन्हा पिण्याकडे नेणाऱ्या चार गोष्टी जगभर शिकवल्या जातात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. या चौकडीत कंटाळ्याचा समावेश नाही. परंतु मानसशास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळात त्याकडे गांभीर्याने पाहिले आहे, असे आम्हांला आढळून आले.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोगमाला प्रसिद्ध केली. माणसांना सहा ते पंधरा मिनिटे एका खोलीत एकटे बसवावयाचे. जवळ दूरध्वनी नाही, पुस्तक नाही, लेखणी नाही. केवळ आपल्या विचारांत रमावे, एवढीच अपेक्षा. बहुतेकांना ते कठीण गेले. एका प्रयोगात खोलीत सौम्य विजेचा झटका देणारे बटण ठेवले होते. झटका कसा लागतो हे सर्वांनी आधी अनुभवले होते, आणि पुन्हा नको म्हणून आपण पैसेही मोजू, असे सांगणाऱ्यांचाच हिशेब पुढे मांडला गेला. तरीही पंधरा मिनिटांच्या एकांतात १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी आपण होऊन बटण दाबले. एका गृहस्थाने तर ते १९० वेळा दाबले!

आपल्याकडे रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी असे म्हणतात. आपल्या म्हणीतील न्हाव्याने निदान कुड तरी निवडला. व्हर्जिनियातील मंडळींनी तुंबडी स्वतःलाच लावून घेतली.

या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले आणि ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. इतर संशोधकांनी त्याच आकड्यांकडे पुन्हा पाहून म्हटले की, बहुतेकांना तो एकांत फार वाईट वाटला नव्हता. ना धड सुखाचा, ना धड दुःखाचा, असा मध्यम वाटला होता. झटका घेण्यामागे निव्वळ कुतूहलही असू शकते. आम्हांला हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र पुढे अकरा देशांत केलेल्या तुलनेत नुसता विचार करीत बसण्यापेक्षा एकट्याने काहीतरी करणे लोकांना सर्वत्र अधिक आनंदाचे वाटले. म्हणजे आमचे तांबटकाका काही जगावेगळे नव्हते. धडधाकट विद्यार्थ्याला जे पंधरा मिनिटे जड जाते, ते आम्ही दारू नुकतीच सोडलेल्या माणसाला अख्खा दिवस करावयास सांगितले होते. त्यातही दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जेवण, गाणे, नातवंडांचा खेळ या नेहमीच्या आनंदांचीही चव मंदावलेली असते. मेंदू पूर्वपदावर येण्यास वेळ घेतो. कुटुंबीयांनी याला उदासीनता किंवा उपकारांची जाणीव नसणे समजू नये.

कंटाळा म्हणजे नेमके काय, याचेही उत्तर शोधले गेले आहे. एरिन वेस्टगेट आणि विल्सन यांनी २०१८ साली मांडलेल्या विवेचनानुसार कंटाळा दोन वाटांनी येतो. हातातील कामात लक्ष गुंतत नाही, ही एक वाट. काम फार सोपे असले तरी लक्ष गुंतत नाही आणि फार अवघड असले तरी नाही. दुसरी वाट अशी की लक्ष गुंतू शकते, पण ते काम करण्यात काही अर्थ वाटत नाही. दोहोंपैकी एक बिघडले तरी माणूस कंटाळतो. दोन्ही बिघडले तर काय होते, ते 'भिंत आणि मी' या तीन शब्दांत आले आहे.

हे विवेचन वाचताना आम्हांला आपल्या पेठेतील एक जुने निरीक्षण आठवले. ढोलताशा पथकात वाजवणारे काही तरुण आमच्याकडे समुपदेशनासाठी येतात. गणेशोत्सवापूर्वी कित्येक आठवडे संध्याकाळी सराव चालतो. त्या काळात यांतील बरेच जण सहजपणे मद्यापासून दूर राहतात. आम्ही त्याचे श्रेय कधी श्रद्धेला देत असू, कधी आमच्या समुपदेशनाला. परंतु अनंत चतुर्दशी उलटली की पंधरा दिवसांत त्यांचे जुने दुखणे डोके वर काढते. श्रद्धा एका रात्रीत विसर्जित होत नाही, आणि आमचे समुपदेशनही चालूच असते. बंद पडतो तो सराव. ताल चुकू नये म्हणून लागणारे लक्ष, आणि मानाच्या पहिल्या गणपतीच्या पेठेत आपण वाजवतो हा अर्थ, दोन्ही एकाच रात्री संपतात. सातची वेळ मात्र रोज येतच राहते. ही आमची संशोधनाने सिद्ध झालेली गोष्ट नाही, केवळ निरीक्षण आहे. परंतु आता विसर्जनानंतरच्या आठवड्यात या मुलांना आम्ही आपण होऊन बोलावतो.

हा विचार पुण्याला नवा नाही, हे आम्ही अभिमानाने नमूद करू इच्छितो. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर अनिल अवचटांनी लिहिले होते, आणि ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी पुढे केलेला मदतीचा हात या कार्याच्या मुळाशी होता. आपल्यासमोर बसलेल्या देणगीदारांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. तेथील निवासी उपचारांत औषधांइतकेच महत्त्व दिवसभराच्या आखलेल्या कार्यक्रमाला, गटात बसून बोलण्याला आणि कलेला दिले गेले. डॉ. अनिता अवचट १९९७ साली आपल्यातून गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले. कार्य चालू आहे.

अनिल अवचट हे नाव घेतले की कागदाच्या घड्यांतून प्राणी-पक्षी साकारणारे, लाकूड कोरणारे, बासरी वाजवणारे गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. 'छंदांविषयी' या नावाचे त्यांचे पुस्तकही आहे. आम्ही पूर्वी या छंदांकडे एका व्यासंगी लेखकाचा विरंगुळा म्हणून पाहत असू. आता वाटते की, व्यसनमुक्तीच्या कामात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला रिकाम्या हातांचे मोल आणि धोका दोन्ही ठाऊक असणार. ओरिगामीची एक घडी चुकली तर पक्षी होत नाही. लक्ष द्यावे लागते, पण ते आवाक्यातले असते. वेस्टगेट यांच्या विवेचनातील पहिली अट येथे आपोआप पूर्ण होते.

आता थोडे विचारात रमण्याविषयी. प्रत्येक क्षणी हाताला काम देणे शक्य नसते. रात्री झोप लागेपर्यंतचा वेळ उरतोच. वेस्टगेट, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक अगदी साधा उपाय करून पाहिला. लोकांना आधी आपल्याला ज्यांचा विचार करावयास आवडेल असे विषय लिहून काढावयास सांगितले आणि मग एकांतात ते विषय आठवण म्हणून समोर ठेवले. एवढ्यानेच विचारात रमणे सोपे आणि अधिक सुखाचे झाले. मन भरकटले की कोठे परतावयाचे, हे ठाऊक असले म्हणजे पुरे.

आम्ही हा उपाय तांबटकाकांना सुचवला तेव्हा ते प्रथम हसले. नंतर त्यांनी औषधाच्या पाकिटामागे चार ओळी लिहिल्या. एका ओळीत वडिलांनी घडवलेला पाणी तापवण्याचा बंब होता, दुसरीत आळंदीची वाट, तिसरीत नातीचे नाव. चौथी ओळ त्यांनी आम्हांला दाखवली नाही आणि आम्हीही विचारली नाही. ते पाकीट आजही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. पूर्वी अंथरुणावर पडले की कर्जाचे हप्ते आठवत. आता आधी बंब आठवतो, असे ते सांगतात. कर्ज अजून फिटलेले नाही.

याच संशोधकवर्तुळात मद्यपानाचा आणखी एका दिशेने अभ्यास झाला, तो म्हणजे मनातील अव्यक्त कलांचा. आपण तोंडाने जे बोलतो, त्याखाली काही जोडण्या आपोआप चालू असतात. १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अशा जोडण्या मोजण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. संगणकाच्या पडद्यावर येणारे शब्द वा चित्रे दोन गटांत झटपट टाकावयाची असतात. ज्या जोड्या मनात आधीच जुळलेल्या असतात, त्यांना काही क्षणांश कमी वेळ लागतो. क्रिस्टन लिंडग्रेन यांनी वेस्टगेट, ग्रीनवाल्ड प्रभृतींसह २०१३ साली अमेरिकन विद्यार्थ्यांवर ही पद्धत मद्यासंदर्भात वापरली. दारू आणि उत्साह, दारू आणि तिच्याकडे ओढले जाणे, आणि दारू व 'मी', अशा तीन जोडण्या तपासल्या. मद्यपानाशी सर्वांत सातत्याने निगडित ठरली ती तिसरी : 'मी म्हणजे पिणारा'.

या चाचणीने एखाद्या व्यक्तीचे भविष्य सांगता येत नाही. तिचे निष्कर्ष समूहापुरते मानावेत, आणि तिच्या विश्वासार्हतेविषयी तज्ज्ञांत वाद आहेत. तरी त्या तिसऱ्या जोडणीने आम्हांला आमच्याच तोंडच्या भाषेकडे पाहावयास लावले. रुग्णाच्या फाइलवर आम्ही 'दारुडा' असे अर्थातच लिहीत नव्हतो. पण वॉर्डात "ते पाच नंबरचे पिणारे" असे सर्रास म्हटले जात असे. घरी, गल्लीत, नात्यात तोच शब्द. माणसाला दिवसातून दहा वेळा त्याची जी ओळख सांगितली जाते, ती पुसून टाकण्याचे काम मग आम्ही आठवड्यातून एकदा अर्धा तास करणार! गेल्या वर्षापासून वॉर्डात रुग्णाचा उल्लेख त्याच्या नावाने किंवा व्यवसायाने करण्याचा दंडक घातला आहे. परिचारिका भगिनींनी तो आमच्यापेक्षा अधिक कसोशीने पाळला.

अशा आपोआप होणाऱ्या ओढी बदलता येतात काय? राइनआउट वीर्स यांनी जर्मनीतील एका उपचारकेंद्रात २१४ रुग्णांवर केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. पडद्यावर मद्याचे चित्र आले की दांडा ढकलून ते दूर सारावयाचे, साध्या पेयाचे आले की जवळ ओढावयाचे, असा सराव काही रुग्णांना केवळ चार वेळा दिला गेला. वर्षभराने पाहता, सराव केलेल्यांत पुन्हा पिऊ लागणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी होते. हे नेहमीच्या उपचारांच्या जोडीने झाले, त्यांच्याऐवजी नव्हे. आपल्याकडे असा संगणक आणावा, अशी मागणी आम्ही करीत नाही.

आमची मागणी त्याहून साधी आहे, आणि तिला आधार आपल्या शेजारच्या गोव्याचा आहे. तेथे संगत या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात मद्य घेणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्ती होत्या. भेटी जास्तीत जास्त चार. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के पुरुषांनी आधीच्या चौदा दिवसांत मद्याला स्पर्श केला नव्हता. इतरांत हे प्रमाण १८ टक्के होते. हे रुग्ण पूर्ण व्यसनाधीन झालेले नव्हते, त्यामुळे आमच्या वॉर्डातील रुग्णांशी तुलना जपून करावयास हवी. मात्र प्रशिक्षित, आपल्या बोलीत बोलणारा माणूस किती करू शकतो, हे त्यातून स्पष्ट होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात मद्यावलंबी असलेल्या ३८ व्यक्तींपैकी जेमतेम एकीस कसला तरी उपचार मिळतो. तज्ज्ञांची वाट पाहत बसलो तर उरलेल्या सदतीस जणांची पाळी कधी येणार?

आता मुद्द्याची गोष्ट. तळमजल्यावरील जुन्या नोंदींची खोली रिकामी झाली आहे, आणि ती बाहेरच्या तपासणी केंद्रास भाड्याने द्यावी असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. गरीब रुग्णांच्या सवलती ज्या पैशातून दिल्या जातात, त्यात या भाड्याची भर पडेल, हे आम्ही जाणतो. आम्ही त्या प्रस्तावाला विरोध करीत नाही. केवळ संध्याकाळी पाच ते आठ एवढा वेळ ती खोली आम्हांला मिळावी, आणि भाडेकरार त्याप्रमाणे व्हावा, अशी आमची विनंती आहे.

तेथे एक सतरंजी, एक कपाट, चहाची सोय आणि एक प्रशिक्षित समुपदेशक एवढेच लागेल. घरी सोडलेल्या रुग्णाने पहिले तीन महिने जमेल तितक्या संध्याकाळी यावे. कोणी कागदाच्या घड्या घालील, कोणी पेटी वाजवील, कोणी आपल्या धंद्याचे काम घेऊन येईल. काम आवाक्यातले पण सोपे नसावे, आणि ते कोणासाठी तरी उपयोगी असावे, या दोन कसोट्या आम्ही लावणार आहोत. बालरुग्ण विभागाच्या भगिनींनी कागदी पक्ष्यांची मागणी आताच नोंदवून ठेवली आहे.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, घरी नेल्यावर रुग्णाला कोंडून ठेवू नये. पहारा आवश्यक वाटला तर तोही द्यावा. पण पहाऱ्याच्या जोडीला काम द्यावे. पुन्हा एखादा घोट घेतला गेला तर लपवू नये, दुसऱ्याच दिवशी घेऊन यावे. आम्ही रागावणार नाही. रात्रीअपरात्री बोलावेसे वाटल्यास शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय साहाय्यसेवा १४४४६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. दोन्ही निःशुल्क आहेत.

तांबटकाकांनी गेल्या महिन्यात एक तांब्याचा पेला घडवून आणला. मठार दोन ठिकाणी चुकला आहे, असे त्यांनीच दाखवून दिले, आणि दुसरा चांगला करून देईपर्यंत हा कपाटात ठेवू नका, अशी ताकीदही दिली. तो येथे मंचावर ठेवला आहे. मध्यंतरात अवश्य पाहावा; खोलीचा ठराव त्यानंतरच्या सत्रात मांडला जाणार आहे.